देवळीतली गिधाडं

पौषातलं धुकं कयाधूच्या पात्रातून वर चढलं की बोरखडीत दिवस उगवला की नाही, याचा कोंबड्यालाही भरवसा नसायचा. त्या सकाळी तो दोनदा आरवला, आणि चुकलो की काय असं वाटून गप्प बसला. गोजरबाई मात्र कोंबड्याच्या भरवशावर कधी उठली नव्हती. थंडीनं आखडलेलं शेण तिनं पाण्याचा हबका मारून मऊ केलं होतं आणि भिंतीवर गोवऱ्या थापणं चाललं होतं. भिंत दिसत नव्हती. पण हाताला ठाऊक होती, आणि कुठं भिंत संपून भासऱ्याची हद्द लागते हे तर हाताला फारच चांगलं ठाऊक होतं. कारण तिकडं एक गोवरी जास्त गेली की दुपारी चावडीवर बैठक भरायची.

भासरा म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. गोजरबाईच्या नशिबी आलेले भासरे गावचे मालीपाटील होते. व्यंकटराव. निजाम सरकारचा शेतसारा वसूल करावा आणि उरल्या वेळात गावाचं भलं करावं, असा त्यांचा दिनक्रम होता. भल्याची सुरुवात घरापासून करावी म्हणतात, म्हणून त्यांचा डोळा गोजरबाईच्या घरावर होता.

घर कसलं, दोन खणांचं माळवद. पण बसलं होतं मोठ्या मोक्याला. गाडीरस्ता आणि व्यंकटरावांचं दार यांच्या बरोबर मधी. हंगामात कापसाच्या गाड्या यायच्या त्या गोजरबाईच्या घराला वळसा घालून, मारुतीच्या पारावर चाक घासून, दोन शिव्या खाऊन मग दारात लागायच्या. घर लहान, पण आडवं. मालकीणही तशीच.

नवरा हिवतापानं गेला तेव्हा ती तिशीची होती. भावाभावांची वाटणी त्याच्या आधीच झालेली. बैल वाटले, भांडी वाटली, एक घंगाळ होतं त्याच्यावरून तीन दिवस भांडण झालं. वाटले नाहीत ते फक्त देव. कुळाचे देव थोरल्याच्या घरी राहायचे, ही रीतच. त्यामुळं खंडोबा, भवानी आणि त्यांच्यासोबतचा भंडारा हे सगळं व्यंकटरावांच्या देवळीत, आणि गोजरबाईच्या भिंतीतली देवळी रिकामी. तिथं ती दिवा लावायची. कुणाला लावतेस म्हणून विचारलं तर म्हणायची, "अंधाराला."

आता भासऱ्यापुढं बाईनं पदर तोंडावर घ्यावा आणि शब्द पोटात ठेवावा, हीसुद्धा रीत. रीत मोडायची गोजरबाईची टाप नव्हती. पण रीतीत कुठंही म्हशीचं नाव नव्हतं. तिच्या दारात भागी नावाची म्हैस होती. भासरे दारात आले की गोजरबाई पदर ओढायची, भागीकडं तोंड करायची आणि भागीशी बोलायची. व्यंकटरावही भावजयीचं नाव घेऊ शकत नव्हते, सरळ बोलू शकत नव्हते. तेही मग हवेत बोलायचे. अशी दहा वर्षं दोघांची भांडणं एका म्हशीच्या डोक्यावरून चालली होती, आणि म्हैस दूध देत होती, यावरून ती किती सहनशील होती ते कळावं.

एकदा व्यंकटराव म्हणाले होते, "भिंत कलली म्हणं. एकाद्या पावसात कोणाच्या तरी अंगावर यायची."

गोजरबाई भागीला म्हणाली, "भागे, भिंत कलली ती कुण्या अंगाला बघ बरं. त्यांच्याच अंगाला ना? मंग तकलीफ त्यान्ला. आपून काहून रडावं?"

एकदा ते म्हणाले, "एकल्या बाईमाणसानं येवढ्या घरात राहू न्हाई. गाव काय म्हणंल."

"भागे, तू बाई न्हाईस व्हय ग? का मी एकलीच हाय?"

पोरगा होता एक, संतराम. सोळाव्या वर्षी हिंगोलीच्या बाजाराला म्हणून गेला आणि तिथं आगगाडीत बसला. आगगाडीत बसलेलं पोरगं परत येतं असा गावाचा अनुभव नव्हता. कुणी म्हणालं मुंबईत पाहिला, कुणी म्हणालं बोटीवर कोळसा मारतो. तीन वर्षं ना चिठ्ठी ना निरोप. व्यंकटराव आल्यागेल्यापाशी हळहळायचे. पोरगं गेलं, वारस नाही, घर कुणासाठी धरून बसली बिचारी. असं हळहळताना त्यांचा डोळा माळवदावर फिरत असायचा आणि तिथं कापसाच्या किती गाड्या रित्या होतील याचा अंदाज चाललेला असायचा.

तर त्या धुक्याच्या सकाळी व्यंकटरावांचा गडी आला आणि काही न बोलता दारातून एक पाकीट आत फेकून निघून गेला. चालत आला होता, पळत गेला.

गोजरबाईनं हात धुतले. पाकीट उचललं. अक्षर तिला येत नव्हतं, पण लांबून आलेलं पाकीट आंधळ्यालाही कळतं. कागद जाड, कडा झिजलेल्या, शिक्क्यांवर शिक्के. आणि वरच्या कोपऱ्यात एका ओळीत पाच तिकिटं. प्रत्येक तिकिटावर एक पाखरू. पंख पसरलेलं, चोच वाकडी, डोकं पांढरं. एका पायात बाणांची जुडी, दुसऱ्यात डहाळी. पाचही पाखरं एकाच बाजूला डोळे वटारून बघत होती.

तिला पाखरांशी काही देणंघेणं नव्हतं. तिचं ज्याच्याशी देणंघेणं होतं ते आत होतं. पाकीट छातीशी धरून ती उंबऱ्यावर बसली. तीन वर्षांत पहिल्यांदा पोरगं जितं असल्याचा काही पुरावा हातात आला होता. बोटांना काहीतरी पिवळं लागलं. सवयीनं तिनं ते कपाळाला लावलं आणि वाचून कोण देईल याचा विचार करू लागली.

विचार पुरा व्हायच्या आत धुक्यातून माणसं बाहेर पडली. पुढं व्यंकटराव, त्यांच्या मागं बाळंभट जोशी, त्यांच्या मागं गावातली चारसहा रिकामी डोकी. डाकेचा हलकारा रामकिशनही त्यांच्यात होता. दर बाजाराच्या दिवशी तो गोरेगावहून घुंगरांची काठी वाजवत डाक आणायचा, पाटलाच्या घरी जेवायचा, पाटलाच्या ओट्यावर झोपायचा आणि सकाळी परत जायचा.

"आमी ऐकलं," व्यंकटराव हवेत म्हणाले, "की या घरात गिधाड शिरलं."

बातमी धुक्यातही फार लवकर पोचली होती. पाकीट आत पडून चिलीमभर वेळसुद्धा झाला नव्हता.

गोजरबाईनं पदर ओढला आणि भागीकडं वळली. "भागे, तुला दिसलं का ग गिधाड?"

"पाकिटावर!" व्यंकटराव म्हणाले. "पाकिटावर हाय. बाळंभट, बघा तुमी."

रीत गावाला ठाऊकच होती. घरावर गिधाड बसलं तर ते घर नासलं. सहा महिने घर सोडायचं, शांती करायची, मग परत यायचं. परत यायचं असं नुसतं म्हणायचं. देवबा कोळ्याच्या माळवदावर गिधाड बसलं होतं, तो घर सोडून गेला आणि आज त्या घरात व्यंकटरावांचा कडबा राहतो. व्यंकटरावांना तेव्हापासून गिधाडांविषयी मोठा आदर होता. त्यांनी गोजरबाईच्या माळवदावर कितीकदा आशेनं पाहिलं असेल, पण गिधाडालाही कळत असावं कुठं बसावं ते. शेवटी परमुलखातून पाच आली, तीही तिकीट लावून.

बाळंभटांनी पाकीट हातात घेतलं नाही. गोजरबाईला ते उंबऱ्यावर ठेवायला लावलं, चष्मा नाकावर ओढला आणि दोन हात लांबून पाहिलं.

"मान टकली. चोच बाकदार. नखं अशी. गिधाडच. शंकाच नको."

"पण पायात बाण हाये की हो," मागून रूपाबाई म्हणाली. ती तांड्यावरची, ताक न्यायला आली होती आणि लोटा घेऊन फुकटचा तमाशा बघत उभी होती. "बाण घेऊन गिधाड कुठं उडते का?"

"तिकडचं असंल," एक जण म्हणाला. "तिकडं साहेबाच्या मुलखात समदेच हत्यारबंद."

"आमच्या तांड्याच्या झाडावर रोज बसतेत गिधाडं. मग काय रोज तांडा हालवावा?"

"तुमचं येगळं, बाई. तुमी चालतं गाव." व्यंकटरावांनी तिला गप्प केलं आणि गावाकडं तोंड केलं. "आमाला काय हौस हाय का? पण रीत हाय. उद्या कायी बरंवाईट झालं तर म्हणतील, पाटलानं डोळे झाकले. आमच्या गोठ्याला लागून एक खोली हाय. तिथं राहावं. म्हशीचाबी इंतजाम करू. आन या घराची फिकीर करू न्हाई. रिकामं घर वाऱ्यानं खचतं, म्हणून आमी त्यात आपला कापूस ठेवून देऊ."

इतका दयाळू माणूस बोरखडीनं पाहिला नव्हता. दोघातिघांच्या माना हलल्या. गोजरबाईची मात्र हलली नाही. गोठ्यालगतच्या खोलीत गेलेली बाई भावजय राहत नाही, मोलकरीण होते, हे तिला कळत होतं. आणि पोरगं कधीकाळी परत आलंच, तर त्यानं कुठल्या दारात उभं राहायचं? कापसाच्या?

"भागे," ती म्हणाली, आवाज जरा कापला, "माणसाला गिधाडाचा दोष लागतो, आन कापसाला लागत न्हाई व्हय?"

व्यंकटरावांनी बाळंभटांकडं पाहिलं. बाळंभट म्हणाले, "कापसाला आत्मा नसतो."

हे कुठं लिहिलं आहे असं कुणी विचारलं नाही.

"मंग म्हशीला?" रूपाबाईनं विचारलं.

"म्हशीचं नंतर बघू."

"आन पाच गिधाडं हायेत तर शांत येक करायची का पाच?" एका म्हाताऱ्याला खरंच शंका आली होती.

बाळंभटांचा चेहरा उजळला. पण व्यंकटरावांना शांतीची नाही, घराची घाई होती. "ते मागून ठरवू. आधी घर रिकामं व्हावं."

गोजरबाईनं पदराआडून बोटानं कपाळ पुसलं. बोट पिवळं झालं. तिनं बोटाकडं पाहिलं. मग उंबऱ्यावरच्या पाकिटाकडं पाहिलं. मग परत बोटाकडं. आणि जेव्हा बोलली तेव्हा आवाजातला कंप गेला होता. तो आवाज भागीच्या ओळखीचा होता. तिनं कान मागं घेतले.

"भागे, हे पाकीट आपल्याकडं आलं कुठून ग? कुणाच्या घरी उतरलं होतं व्हय?"

"कुणाच्याबी न्हाई," व्यंकटराव झटकन म्हणाले. "काल चावडीवर डाक उघडली. आमी पाखरू पाह्यलं आन घरात घेतलंच न्हाई. चावडीवरून गड्यानं थेट इकडं आणलं."

"बराबर ऐकलंस का भागे? चावडीवरून थेट."

"थेट!" व्यंकटराव म्हणाले. "आमच्या उंबऱ्याच्या आत असलं पाकीट? देव हायेत आमच्या घरात!"

"व्हय तर. देव त्यांच्याच घरात हायेत. साऱ्या भावकीत त्या येकाच घरात." गोजरबाईनं पाकीट उचललं, उलटं केलं आणि सगळ्यांना दिसेल असं धरलं. पाकिटाच्या घडीत पिवळाधमक भंडारा भरला होता. कोपऱ्यावर तेलाचा गोल डाग होता, आणि त्या डागात तांदळाची एक अक्षत चिकटून बसली होती. "मंग चावडीवर खंडोबा कवा बसला ग भागे? मला कोणी सांगितलं न्हाई. मी गेली असती दर्शनाला."

धुक्यात कुणीतरी खोकलं.

व्यंकटरावांना काही सुचायच्या आत रामकिशनला सुचलं. तो माणूस भला होता आणि भल्या माणसाला गप्प कधी बसावं ते कळत नाही. "कालचं न्हाई हो ते पाकीट. ते मी मागच्या बाजाराला आणलं होतं. मालकच म्हणले, देवळीत ठेव, उंदरं देवाजवळ येत न्हाईत. म्या माझ्या हातानं खंडोबाच्या टाकामागं ठेवलं. म्या म्हणलं, अजून दिलं कसं न्हाई."

आठ दिवस. म्हणजे व्यंकटरावांनी पाकीट आल्याबरोबर पाहिलं होतं, पाखरं ओळखली होती, आणि आठ दिवस देवासमोर बसून त्या पाखरांचं काय करता येईल याचं चिंतन केलं होतं. चिंतनात एवढंच राहून गेलं की पाखरं तेव्हा बसली होती कुठं.

"आगं बया," रूपाबाई म्हणाली, "पाच गिधाडं, आठ दिवस, देवात!"

गोजरबाईनं म्हशीच्या पाठीवर हात ठेवला. "भागे, आपल्या घरात गिधाडं चिलीमभर बसली तर सहा महिने घर सोडायचं. मंग ज्येंच्या घरात आठ दिवस बसली त्येनी कुठं जावं ग? गोठ्यालगतच्या खोलीत? का लई दिवस झाले म्हणून गावच सोडावं? आन देवाचं कसं? खंडोबाला कुठं न्यायचं? आपली देवळी रिकामी हाय म्हणावं. आपली कायी हरकत न्हाई."

आता सगळ्या माना बाळंभटांकडं वळल्या. बाळंभटांनी व्यंकटरावांकडं पाहिलं. व्यंकटरावांनी बाळंभटांकडं पाहिलं. वर्षाचं धान्य पाटलाच्या खळ्यावरून येणारा माणूस कोणत्या अडचणीत सापडू शकतो ते त्या नजरेत लिहिलेलं होतं.

"बाळंभट," व्यंकटराव सावकाश म्हणाले, "नीट बघा. धुकं होतं."

"धुकं होतंच," बाळंभट म्हणाले. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत घातला. या वेळेला पाकीट हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, आणि त्यांच्या अंगावर काटा आला. निदान तसं त्यांनी दाखवलं. "अहो, हा गरुड!"

"गरुड?"

"प्रत्यक्ष! पंख बघा. बाण बघा! गिधाडाच्या पायात बाण कशाला येतील? विष्णूचं वाहन आहे ते, आयुधं घेऊन निघालंय. हातात डहाळी आहे, ती तुळशीचीच असणार."

"मी तर मगाशीच म्हणले," रूपाबाई म्हणाली.

"मान टकली म्हणला होता तुमी," म्हाताऱ्यानं आठवण दिली.

"टकली नव्हे. शुभ्र!"

असा चष्म्याच्या एका पुसण्यानं पाचही पाखरांचा उद्धार झाला. गावाला हायसं वाटलं. पाटलांचा खंडोबा वाचला, पाटील वाचले, आणि खळ्यावरचं धान्यही वाचलं. व्यंकटरावांना तर इतकं हायसं वाटलं की तेवढ्या भरात त्यांनी हात पुढं केला. "मंग हे पाकीट आमच्या देवातच राहू द्यावं. गरुड हाय. तिथंच शोभंल."

गोजरबाईनं पाकीट पदराखाली घेतलं. "भागे, गरुड आठ दिवस त्यांच्यात राहून आपल्याकडं आला. त्येला तिथं करमलं असतं तर आला असता व्हय? आता आपल्या घरी गरुड आलाय, तर आपून घर सोडावं का राहावं, हे जोशीबुवांना विचार बरं. साऱ्या गावासमोर विचार."

भागीनं विचारलं नाही, पण बाळंभटांनी उत्तर दिलं. दुसरा इलाजच नव्हता. "अशा घरातून माणूस हलवला तर हलवणाऱ्याला दोष लागतो."

"कापसाला जागा करायला हलवला तरीबी?"

"तरीही," बाळंभट मातीकडं बघत म्हणाले.

व्यंकटराव गेले. त्यांच्या मागं बाळंभट गेले, पण जरा अंतर ठेवून. पुढं कितीतरी वर्षं त्या घराला गाड्यांचा वळसा पडत राहिला आणि मारुतीचा पार झिजत राहिला. अठ्ठेचाळीस साली निजामाचं राज्य गेलं, चावडीवरचा झेंडा बदलला, व्यंकटरावांच्या डोक्यावर पगडीच्या जागी पांढरी टोपी आली, पण घर जिथल्या तिथं. गावातल्या बायका मधूनच गरुडाच्या दर्शनाला येऊ लागल्या होत्या. गोजरबाई त्यांना सरळ सांगायची, ताक घेणार असाल तर दर्शन, न्हाई तर गरुड निजलाय.

पण ते मागून. त्या सकाळी सगळे गेल्यावर अंगणात रामकिशन तेवढा मागं राहिला. आपण काय करून बसलो हे त्याला आता कुठं उमजू लागलं होतं. पाटलाच्या घरी यापुढं जेवण मिळेल की नाही, याच्या काळजीत तो होता.

"मामी, मी कायी वाईट बोललो का?"

"न्हाई रे लेकरा. आज तूच तेवढा बोललास. वाचता येतं का तुला?"

"पाकिटावरचं येतं. आतलं जरा जरा."

"मंग जरा जरा वाच. गावानं तिकिटंच वाचली."

रामकिशननं पाकीट फोडलं. कागद एकच होता, अर्धाच लिहिलेला. तो एकेका अक्षरावर थांबत वाचू लागला.

"माय, मी खुशाल हाय. बोटीवर इंजनात कोळसा मारतो. इथं बर्फ पडून राहिलं. मीठ सांडल्यावानी दिसतं. बोटीवर येक कोकणातला मुनशी हाय, त्याच्याकडून लिहून घेतो. इथली तिकिटं लई महाग. येकानं भागलं न्हाई, पाच डकवावी लागली. म्हणून पुन्हा पत्राची वाट बघू न्हाई. व्यंकटकाकाला माझा दंडवत सांगावा."

"दंडवत!" गोजरबाई म्हणाली. "येवढ्या महागाच्या तिकिटावर! फुडं?"

"फुडं सही. सही न्हाई, आंगठा हाय."

"परत येतो असं लिवलं का कुठं?"

"न्हाई."

"मागं बघ. मागल्या अंगाला असंल."

रामकिशननं कागद उलटा केला. उजेडाकडं धरला. "मागं कोरं हाय, मामी."

कागद हातात घेऊन तिनं शाईच्या त्या काळ्या आंगठ्यावर आपला आंगठा ठेवून पाहिला. पोराचा मोठा होता. गेला तेव्हा एवढा नव्हता.

"जा आता तू. गोरेगाव गाठायचं तुला." तिनं त्याच्या हातावर भाकरीचा चतकोर आणि मिरचीचा खर्डा ठेवला. "आन पुढल्या बाजारी माझं कायी आलं तर इथं आणून दे. पाटलाच्या देवाला तकलीफ देऊ नको."

घुंगरांची काठी गाडीरस्त्याला लागली. धुकं विरळ झालं होतं, पारावर ऊन पडलं होतं. गोजरबाईनं पाकीट रिकाम्या देवळीत दिव्याच्या मागं उभं करून ठेवलं आणि बाहेर आली. कोपऱ्यात तुरीचा ढीग दवानं भिजून पडला होता. तिनं तो उन्हाला पसरला, वरच्या शेंगा हातानं चोळून पाहिल्या. अजून ओल्याच होत्या. मग तिनं बडवायचं लाकूड बाजूला ठेवलं आणि खालची ओली बाजू वर करत, एकेक पेंढी उलटू लागली.